मागे न फिरणारा रहाट

हौसाला वाटलं होतं, दरबारात रहाट ठेवला की महाराज स्वतः दोर ओढून बघतील. पण रहाटाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही! सगळ्यांचे डोळे प्रधानजींच्या नाकावर. ते मुरडलं की काम संपलं.

आणि ते मुरडलं!

"दवंडी नीट ऐकलीस का गं पोरी? नवी वस्तू करील त्याला सनद. मग दहा वर्षं ती दुसऱ्या कुणी करायची नाही. नवी वस्तू! तुझं चाक जुनं, दोर जुना, लाकूड तर बाभळीचं!"

"पण चाकाला दात पाडलेत, सरकार. त्यांत ही लाकडी पट्टी अडकते. हात सुटला तरी भरलेला पोहरा खाली जात नाही. आईचे तळहात दोरानं सोलून निघायचे, म्हणून केलं."

"हॅ! हे कुणालाही सुचलं असतं!"

"मग राजवाड्याच्या विहिरीवर पोहरा अजून का निसटतो?"

दरबार खोकला. हट्टी महाराज मात्र गरजले, "संध्याकाळी युवराजांचं बारसं आहे. तोवर अशी वस्तू आण, जिच्यात जुनं काहीच नाही! नाहीतर हा रहाट आमच्या दरबारी सुताराचा!"

सुतार तर लगेच सुतळीनं मापं घ्यायला लागला!

संध्याकाळी हौसा आली ती रिकाम्या हातानं. पाळण्याभोवती बायकांची झुंबड.

"नाक अगदी आजोबांचं!"

"डोळे राणीसाहेबांचे!"

"हनुवटी मात्र महाराजांची हो!"

"वस्तू कुठंय?" महाराजांनी दरडावलं.

"काय सांगू, महाराज! इथं तर वेगळीच पंचाईत. नाक जुनं, डोळे जुने, हनुवटी जुनी. बाळात नवं काहीच नाही. मग बारसं कुणाचं करताय?"

"जीभ आवर!" महाराज लालबुंद झाले. "नाक-डोळे कुणाचेही असोत! असा पोरगा याआधी जन्मलाच नाही! तो नवाच!"

"माझा रहाटही तसाच की, महाराज!"

मग महाराज असे खदखदून हसले, की युवराजांनी भोकाड पसरलं.

"जिंकलीस! आता ऐक. युक्ती झाकून ठेवलीस, तर सनद नाही. कुणाला कळेपर्यंतच युक्ती तुझी. सनद हवी, तर सगळी रचना उघड करायची. दहा वर्षं तुझी, मग सगळ्यांची. सकाळी सांग."

सकाळी हौसा राजवाड्याच्या विहिरीवर छिन्नी घेऊन हजर!

"हे काय?" महाराजांनी विचारलं.

"सनद घेते, महाराज. रचना या दगडावर कोरून ठेवते. दहा वर्षांनी कुणाला माझं दार ठोठावायला नको. पहिला रहाट इथंच बसवलाय. फक्त पहिला पोहरा प्रधानजींनी ओढायचा!"

प्रधानजींनी नाक मुरडत दोर ओढला. अर्ध्यावर धाप लागली, दोर सुटला, आणि ते डोळे मिटून 'धप्प' ऐकायची वाट बघत राहिले. पोहरा जागचा हलला नाही!

महाराज हसता हसता कठड्यावरच बसले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाला दिलं आणि म्हणाले, "प्रधानजी, डोळे उघडा! उरलेला दोर ओढा. युवराजांची अंघोळ खोळंबलीय!"