नऊ हजारांची छत्री

वेंगुर्ल्याच्या वेणूताई शेट्यांनी डोळे मिटले की त्या सागवानी झोपाळ्यावर असायच्या. पाय जमिनीवरून सुटायचे आणि पडवी अलगद समुद्रावर तरंगू लागायची. एका दुपारी तोच झोपाळा मोबाइलवर दिसला. एकोणपन्नास हजारांवर काट, खाली चारशे नव्वद. त्यांनी पैसे भरले. दुसऱ्या दिवशी कंपनीने ऑर्डर रद्द केली.

ग्राहक मंचात कंपनीचे मॅनेजर रणदिवे तोऱ्यात म्हणाले, "आकडा चुकून पडला. शंभराची वस्तू रुपयाला कोणी विकतं का? शेंबड्या पोरालाही कळेल."

वेणूताईंनी हातातली छत्री टेबलावर ठेवली. "साहेब, ही तुमच्याकडूनच घेतली. नऊ हजारांवर काट मारून नव्वदला. हीपण चूकच का?"

"छे, ती सवलत होती."

"म्हणजे छत्री खरंच नऊ हजारांची? हो म्हणालात, तर शंभराची वस्तू तुम्ही रुपयाला विकता. नाही म्हणालात, तर काट मारलेला आकडा खोटा. यातलं काय ते मंचाला लिहून द्या."

रणदिव्यांनी एवढंच लिहून दिलं, 'झोपाळा त्याच किमतीत पाठवतो.'

आठवड्याने पडवीत झोपाळा लागला. वेणूताईंनी पाय उचलले. डोळे मात्र उघडेच ठेवले.