शंभर बोटं आणि एक मान

मिरजेच्या दस्तगीरभाई शिकलगारांचे तंबोरे नावाजलेले. पण इंटरनेटवर शोधणाऱ्याला त्यांचं दुकान दिसेनासं झालं आणि गिऱ्हाईक आटलं. वेबसाइट सांभाळणारे प्रभुणेसाहेब ऐटीत म्हणाले, "मी शंभर वेबसाइट काढल्या. प्रत्येकीवर तुमची लिंक आहे, सगळ्या तुमच्याच दुकानाकडे बोट दाखवतात. आणखी शंभर काढू!"

दस्तगीरभाई चक्रावले. एवढी बोटं असून शोधाच्या यादीत दुकान तळाला कसं?

त्यांच्या बायकोने, जैनबने, एक तंबोरा पुढे ठेवला. "साहेब, लेकीसाठी हवा होता ना? हा घ्या." तिने आत हाक मारली. दीर, जावा, भाचे बाहेर आले आणि एका सुरात म्हणाले, "एक नंबर!"

दस्तगीरभाई आणखीच गोंधळले. या तंबोऱ्याची जवारीसुद्धा, जिच्यामुळे तारेचा सूर घुमतो ती, अजून लागली नव्हती!

प्रभुणे हसले. "भाभी, ही तर तुमच्याच घरची माणसं. लेकीच्या गुरुजींनी मान डोलावली तरच घेईन."

"मग इंटरनेट तुमच्याहून भोळं आहे काय?" जैनब म्हणाली. "तुमच्या शंभर वेबसाइट म्हणजे घरचीच माणसं. गुरुजींच्या वेबसाइटने एकदा आमच्याकडे बोट दाखवलं, तर पुरे."

साहेबांनी शंभरही वेबसाइट बंद केल्या. दस्तगीरभाई जवारी लावायला बसले. तंबोरा आता गुरुजींकडे जायचा होता.