झिलूनं बाईंना पलीकडे पोचवलं

एका बेटावर एक भोळा गडी राहत होता. नाव झिलू. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखंच करी, आणि सगळा घोळ तिथंच होता.

त्याचा मामा भागोजी तांडेल पाहुण्यांना समुद्रावर फिरवी. पाहुणे म्हणजे कोण, तर शहरात पंख्याखाली बसून कंटाळलेली आणि पैसे देऊन उन्हात भाजून घेणारी शहाणी माणसं. पण अलीकडे ही शहाणी माणसं खाडीपलीकडच्या दाजी मोंडकराच्या नव्या बोटीत जाऊन बसू लागली होती. अशात सहल कंपनीच्या पाटणकरबाई नवऱ्याला घेऊन बेट बघायला आल्या. बाईंच्या मनास आलं तर हिवाळाभर पाहुणे मामाकडे. नाही आलं तर दाजीकडे, आणि मामाला बोट विकावी लागणार.

मामानं झिलूला बजावलं, "पाहुण्यांनी हात हलवला की आपणही हसून हलवायचा. आणि कुणाला कुठं पोचवलं की भाडं मागायला लाजायचं नाही."

"बरं मामा."

बाई नळी तोंडात धरून मासे बघायला पाण्यात उतरल्या. बेटावरची माणसं मासे ताटात बघतात, ते सोडा. नळीत पाणी शिरलं. बाईंनी दोन्ही हात वर करून हलवले. बोटीतून झिलूनंही हसून दोन्ही हात हलवले. बाईंनी जोरात हलवले. झिलू उभा राहिला आणि त्याहून जोरात हलवू लागला. शेवटी मामानंच उडी टाकून बाईंना वर काढलं.

"गाढवा, दोन्ही हात वर केलेलं माणूस दिसलं की ते बुडतंय समजायचं. विचारत बसायचं नाही. केसाला धरायचं आणि ओढायचं."

"मग आधी सांगायचं ना मामा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचे यजमान वाळूवर सूर्यनमस्कार घालत होते. डोळे मिटून त्यांनी दोन्ही हात वर नेले. झिलू धावत आला, केस धरले आणि ओढले. केस आले, यजमान तिथंच राहिले. इतकी वर्षं सांभाळलेला तो टोप झिलूनं मामापुढे धरला. "एवढेच वाचवता आले, मामा."

मामानं यजमानांचे पाय धरले, मग झिलूचा कान. "पाहुणा आपल्या नादात असला की त्याला हात लावायचा नाही. लांब उभं राहायचं. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

दुपारी बाई छोट्या होडीत आडव्या झाल्या आणि त्यांचा डोळा लागला. ओहोटी सुरू झाली, होडीचा दोर निसटला, होडी निघाली. झिलू काठावर हाताची घडी घालून, ओठ मिटून उभा. बाई ठिपक्याएवढ्या झाल्या तरी उभाच. मामानं बोट हाकून त्यांना परत आणलं.

"अरे, पाहुणा वाहत चालला की दोर पकडायचा आणि दिसेल त्या झाडाला बांधायचा. मी सांगितल्याशिवाय सोडायचा नाही."

आता मामाच्या हाती एकच खेळ उरला होता. छत्रीला बांधून माणसाला आभाळात उडवायचं, खालून बोटीनं ओढायचं. बाई मोठ्या मनाच्या, तयार झाल्या. उडाल्या, खूश झाल्या. बोट वाळूला लागली तशी बाईंना झेलायला मामा खाली उतरून पुढे गेला. बोटीत झिलू. त्यानं वर पाहिलं. पाहुणा वाहत चालला होता. त्यानं छत्रीचा दोर बोटीवरून सोडला आणि काठावरच्या माडाला पक्का बांधला.

वारा चढला. बाई माडाच्या वर पतंगासारख्या डुलू लागल्या.

मामा लांबून ओरडत आला, "माडाचा दोर सोड आणि..." पुढचं "बोटीला बांध" धाप लागून घशातच राहिलं. जेवढं पोचलं तेवढं झिलूनं केलं.

बाई खाडीवरून निघाल्या. त्यांनी दोन्ही हात वर केले. झिलू विचारात पडला. पाण्यातल्याला ओढायचं, वाळूवरच्याला हात लावायचा नाही. हवेतल्याबद्दल मामा काही बोलला नव्हता. म्हणून त्यानं हसून हात हलवला.

बाई थेट दाजीच्या काठावर, मऊ वाळूत उतरल्या. मामा होडीतून झिलूला घेऊन हात जोडत पोचला, तर बाई दाजीशेजारी उभ्या राहून हसत होत्या.

"तांडेल, जीव गेला होता माझा. पण असं मोकळं उडणं कुठल्याच बेटावर नाही मिळालं. पाहुणे मी तुमच्याच..."

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात झिलू पुढे सरकला आणि न लाजता हात पसरून म्हणाला, "बाई, पलीकडे पोचवल्याचं भाडं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग दाजीकडे वळून विचारलं, "तुमची बोट हिवाळ्यात मोकळी आहे का हो?"

मामानं आपली बोट दाजीलाच विकली. घासाघीस केली नाही. फक्त एक अट घातली, बोटीबरोबर झिलूही घ्यायचा.