पुढचा भोई वर का?

राजा तुंगसेनाचा हुकूमच तसा होता! महाराजांच्या डोक्याहून ज्याचं डोकं वर दिसेल, त्याला तिथल्या तिथे कमरेइतक्या खड्ड्यात उभं करायचं. नाव तुंगसेन, पण महाराज उंचीने अंमळ बेताचेच. त्यामुळे राजधानीत जिकडेतिकडे खड्डे झाले होते. प्रधान रायाजीपंत तर वाकूनच चालत. त्यांची पाठ आता सरळ होत नव्हती, पण पगार वेळेवर होत होता.

अशा महाराजांना एकदा ढगटोक डोंगराच्या माथ्यावरून सूर्यास्त पाहण्याची हुक्की आली. डोंगरावर जाणारा घाट त्यांनीच बांधवला होता. पायथ्याशी नाका होता आणि पायी चढणाऱ्याने कर म्हणून एक दगड डोक्यावर वाहून माथ्यावर टाकायचा होता. डोंगर आणखी उंच व्हावा, ही महाराजांची हौस! पालखीत बसणाऱ्यांना अर्थातच कर माफ. दगड पायथ्यातूनच खणून काढत, त्यामुळे डोंगर खालून पोखरला जात होता. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

पालखी नाका ओलांडून चढणीला लागली मात्र, महाराज ओरडले, "थांबा! हा पुढचा भोई माझ्याहून वर कसा?"

पुढचा भोई होता धाकू. तो चाचरत म्हणाला, "म्हाराज, चढ हाय. पुढचा वरच असनार."

"मग मागे हो!"

धाकू मागे गेला. त्याच्या जागी आलेला भोई वर दिसू लागला. बुटका भोई लावला, तोही वर! शेवटी भोई रांगायला लागले. पालखी कलंडली आणि महाराज गडगडत प्रधानांच्या अंगावर गेले.

"महाराज, डोंगरच सपाट करून घेऊ का?" प्रधानांनी सुचवलं.

"आणि मग बघू काय? तुमचं टक्कल?"

राग निघाला धाकूवर. नाक्यापाशी खड्डा खणून त्याला कमरेइतका पुरला. "डोंगर आहे तोवर हा इथेच!" महाराजांनी फर्मावलं.

धाकूची बायको येसू नाक्यावर ताक विकायची. नवऱ्याला केळीच्या कोंबासारखा जमिनीत लावलेला पाहून ती ताकाचं मडकं तिथेच टाकून धावली. घरी दोन पोरं, म्हातारी सासू, आणि कमावता माणूस खड्ड्यात!

"येसे, भाकर आनलीस का?" धाकूने विचारलं.

"गिळा दगड! तो फुकट हाय हितं!" येसूने डोळे पुसले आणि तरातरा महाराजांसमोर जाऊन गुडघे टेकले.

"म्हाराज, म्या तुमास्नी माथ्यावर पोचवते. एक बी डोस्कं तुमच्या वर दिसनार न्हाई. पन माझा मालक सोडा."

"दिवस मावळायच्या आत! आणि एक जरी डोकं वर दिसलं, तर तुलाही शेजारी लावीन!"

"लावा की. पन आदी पालखीतनं उतरा."

"उतरू? का म्हणून?"

"चढाला जो पुढं, तो वर. तवा पुढं तुमीच चाला!"

महाराज आजवर सिंहासनापासून पाटापर्यंतच काय ते चालले होते. पण सूर्यास्त तर पाहायचाच होता, म्हणून उतरले. इतक्यात नाकेदार भिवा एक भलाथोरला दगड घेऊन धावत आला. भिवा म्हणजे नियमाचा पक्का माणूस.

"सरकार, पायी जानाऱ्याला दगड. डोक्याव घ्या."

"मी? दगड?" महाराज दोन पावलं मागे सरले.

"अरे खुळ्या," येसू म्हणाली, "दगड म्हाराजांच्या डोक्याव गेला म्हंजे म्हाराजांच्या वर गेला! मग दगडाला बी खड्ड्यात पुरनार व्हय?"

"माफ! आज सगळ्यांचाच दगड माफ!" महाराज घाईने म्हणाले आणि चालू लागले.

पुढे महाराज, मागे येसू, तिच्यामागे सारा दरबार. दर वळणावर महाराज थांबून मागे बघत, कोणाचं डोकं वर आलंय का! डोकी बघता बघता त्यांना खालची दरी दिसली, मग नदी, मग तिच्या काठची हिरवी शेतं. तिसऱ्या वळणापासून ते डोकी बघायचंच विसरले.

माथ्यावर पोचले तेव्हा त्यांच्या पायांचे तुकडे पडले होते. त्यांनी दगडांच्या राशीपाशी बसकणच मारली. महाराज बसले, आता उभं राहील कोण? सारा दरबार धडाधड पालथा पडला. येसू तेवढी दोन पावलं खाली, उतारावर उकिडवी बसली.

"प्रधान, काय देखावा आहे! तुम्हाला काय दिसतंय?"

"मुंगी, महाराज," गवतातून आवाज आला. "फारच रम्य!"

सूर्य बुडाला. महाराज खूश होऊन म्हणाले, "बाई, जिंकलीस! तुझा नवरा सुटला. चला आता खाली."

येसूने दरबाराला हाक दिली, "उटा रं, चला! आपुन सगळे पुढं."

"आणि मी?"

"तुमी सगळ्यांच्या शेवटाला, म्हाराज. उताराला जो मागं, तो वर! तुमच्या मागं कोन बी नगं."

"अंधारात? एकटा? इथे बिबट्या आहे म्हणतात!"

"हाय की! बिबट्या मागनंच येतो. पन तुमी भिऊ नगा. मागनं आला म्हंजे तो तुमच्या वर हुनार. आन् तुमचा हुकूम मोडून तो येईल कसा?"

महाराजांनी मागच्या झुडपाकडे पाहिलं. मग येसूकडे पाहिलं. आणि असे खदखदून हसले, की दोन दगड घरंगळत खाली गेले!

"हुकूम रद्द!" ते ओरडले. "दगडाचा करही रद्द! आता माझ्या मागे चार माणसं चाला रे, चांगली उंच बघून!"

नाक्यावर येताच महाराजांनी स्वतः हात देऊन धाकूला खड्ड्यातून बाहेर ओढलं. धाकू अंग झटकून ताठ उभा राहिला. महाराज मान वर करून बघतच राहिले.

"बाई, तुझा नवरा एवढा उंच आहे?"

"व्हय म्हाराज. म्हनून तर पसंत केला!"

महाराज पुन्हा पोट धरून हसले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी येसूला दिलं आणि नाकाही तिच्याच हवाली केला. तेव्हापासून पालखीत बसणाऱ्यांनी पहिल्या वळणापर्यंत पायी चालायचं, एवढाच कर तिथे उरला. आणि तो भरायला महाराज दर महिन्याला येऊ लागले!