शेळीने चरलेलं किराईत

मंडळी, विश्वास कुणावर ठेवावा? टवटवीत दिसतो त्याच्यावर, की मरतुकडा दिसतो त्याच्यावर? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

एक वृद्ध वैद्य डोंगराच्या उतारावर राहत असे. त्याच्या परसात किराईत होतं, तापावर काढा करतात ते कडूजहर झुडूप. त्याच्याकडे शिकायला राहिलेला शिष्य भातशेती करणाऱ्या घरातला. जुन्या झाडांच्या मुळांवरची पांढरी बुरशी पाहून त्याला किळस आली. त्याने वेगळा वाफा धरला आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजतात तसा पालापाचोळा पेटवून जमीन भाजून काढली. बीसुद्धा कढत पाण्यातून काढलं. पावसाळ्यात वाफा असा तरारला, की येणाराजाणारा थांबून बघे. जुनं किराईत मात्र खुरटं, ठिपक्याठिपक्यांचं.

आश्विनात खालच्या गावांत तापाची साथ पसरली. शिष्याची आईही अंथरुणाला खिळली. तेव्हा एक व्यापारी गाडी जुंपून आला.

"बुवा, नवा वाफा कापा. गाडी भरली की दिवस मावळायच्या आत गावं गाठतो."

शिष्य विळा घेऊन वाफ्यात उतरलाच. वैद्याने एक पान चावलं, आणि शेळी सोडून वाफ्यात घातली. शेळी मिटक्या मारीत चरू लागली.

"बुवा, डोकं ठिकाणावर आहे ना?" व्यापारी ओरडला. "तिकडे माणसं फणफणतायत, आणि तुम्ही औषध शेळीला चारताय?"

शिष्याने विळा टाकला. "गुरुजी, माझी आई आहे तिथे. हाकला त्या शेळीला."

"हाक. जुन्या किराईताकडे ने."

शिष्याने रागारागाने शेळी ओढत नेली. तिने तिथे तोंड लावलं, फुरफुरली आणि मान फिरवली. शिष्याने दोन्हीकडचं एकेक पान चावलं. जुन्याने जीभ आक्रसली. नवं नुसता पाला.

वैद्य म्हणाला, "बाळ, ती बुरशी मुळांतून आत शिरून झाडात वस्तीला असते. झाडाचा रस खाते, आणि तिच्याशी रोजचं जमवून घेता घेता झाड कडू होतं, काटक होतं. तू जमीन भाजलीस, बी कढत पाण्यातून काढलंस, तिचा ठाव पुसलास. झाड वाढलं खरं, पण कसलीच धास्ती नाही. मग कडवटपणा कशासाठी साठवील? आणि कडवटपणा नाही, तर औषधही नाही."

व्यापारी पुढे सरकला. "जुनं पाव गाडीही भरणार नाही. नवं मिसळू. पेंढी बांधल्यावर चाखतंय कोण? आणि पोरा, तुझ्या आईसाठी निव्वळ जुन्याची पेंढी बाजूला काढतो. झालं समाधान?"

शिष्याने गुरूकडे पाहिलं. गुरू शेळी बांधत होता.

"नको शेठ," शिष्य म्हणाला. "नवं ज्या घरी जाईल, ते घर औषध घेतलं म्हणून निर्धास्त बसेल. आणि माझ्या आईला सगळ्यांइतकंच द्या."

त्याने मुळं जमिनीत राखून जुनं किराईत कापलं. गाडी जवळजवळ रिकामीच उतरणीला लागली. आई वाचली, पण ते पुढे कळलं. पेंढ्या बांधताना त्याला ते ठाऊक नव्हतं. गाडी दिसेनाशी झाल्यावर तो खाली बसला आणि जुन्या मुळांजवळची बुरशीची माती ओंजळीने नव्या वाफ्यात नेऊन घालू लागला.

तेव्हा मंडळी, एवढी विनंती आहे. धंद्याचा असो की संसाराचा, हिशेब खरा ठेवा, आणि जमिनीखालच्या भागीदाराचं नाव त्यातून गाळू नका.