साळूची कोरी पाठ

फार वर्षांपूर्वी, वेशीवरची चिंच अजून कमरेइतकीही वाढली नव्हती, तेव्हाची गोष्ट. साळू नावाची एक गोंदणारी होती. बांबूच्या नळीत सुया आणि करवंटीत काजळ, एवढाच तिचा संसार. गावोगाव एकटी फिरायची, बायकांच्या हातावर तुळस नाहीतर विंचू गोंदायची आणि मापटंभर जोंधळे पदरात घेऊन पुढे जायची.

पण साळूच्या मनात टिटवी होती. एक पाय उचलून आभाळाकडे बघणारी. ते अपशकुनी पाखरू कोण गोंदून घेणार? मग साळू स्वतःच्याच अंगावर काढायची. डावा हात भरला, पोटऱ्या भरल्या, पावलं भरली. मनातल्यासारखी एकही उतरेना. असं म्हणतात, की शेवटी हात पोचेल तिथवर अंगावर जागाच उरली नाही. उरली फक्त पाठ. तिथे तिचा हात पोचत नव्हता, आणि दुसरं कोणी नव्हतं.

त्या साली ती आपल्या गावात आली. पारावर बायका जमल्या तशी म्हणाली, "जोंधळे निम्मेच द्या. पर चार चित्रं तुमच्या मनातली, पाचवं माझ्या."

पाटलीणबाई हसल्या. "कमी मागणारी पयलीच बघितली गं! आन् पाचवं काय काढशील, घुबड?"

"टिटवी."

"अगं बया! त्यापरीस माझ्या घरी ऱ्हा की. दोन वेळा जेव, सुनांना तुळशी काढ."

"तुळशीच काढत बसले, तर हात टिटवी इसरंल, पाटलीणबाई."

एकही मनगट पुढे आलं नाही. साळू तीन दिवस पारावर उपाशी बसली. चौथ्या दिवशी वंचा परटीण आली. तिचं एकुलतं लेकरू पटकीनं गेलं होतं, तेव्हापासून बायका तिची सावलीही टाळायच्या. तिनं हात पुढे केला. "काढ बाई. माझं आणिक काय वाईट व्हायचं ऱ्हायलंय?"

साळूनं टिटवी काढली. असं म्हणतात, की वंचानं हात उन्हात धरला की ती पंख हलवायची, आणि वंचा नदीवर एकटीच धुणं आपटत असली की मनगटातून हळूच साद द्यायची. मग काय! बायका लपतछपत मनगटं घेऊन आल्या. पाटलीणबाईंच्या सुनासुद्धा. साळू जन्मभर निम्म्या जोंधळ्यांवर जगली, पण दर हातावर एक टिटवी ठेवत गेली.

एकदा वंचानं विचारलं, "तुझ्या पाठीवर कोण काढणार गं?"

"कोण काढतंय! कोरीच जाईल."

"मला शिकीव की मग."

"शिकवीन. पुढच्या खेपेला."

पुढची खेप आलीच नाही. नदीच्या वाळूत तिची नळी आणि करवंटी सापडली. तिथवर बाईची पावलं होती, तिथून पुढे नुसती पाखराची. असं म्हणतात, त्या दिवशी गावातल्या साऱ्या मनगटांवरच्या टिटव्या एकदम ओरडल्या.

वंचानं त्या दिवाळीला घरभर नक्षी काढली, मागची भिंत मात्र पांढरी कोरी ठेवली. "साळूची पाठ हाय ती," म्हणाली.

आजही गावात घर रंगवलं की मागची भिंत कोरी ठेवतात. चित्रं काढत फिरणारं कोणी आलं, तर त्याला ती भिंत दाखवतात, दोन वेळा जेवू घालतात आणि काय काढतोस म्हणून विचारत नाहीत. जाताना झोळीत जोंधळे घालतात, पुरतं मापटं, निम्मं नाही. अलीकडे बरीच वर्षं कोणी फिरकलेलं नाही. तरी त्या भिंतीला कोणी खिळासुद्धा ठोकत नाही.