खिळ्यावरची पाटी

रावसाहेब टोणप्यांना देणगी द्यायची हौस मोठी, पण नावाची हौस त्याहून दांडगी. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं गळकं छप्पर ते नवं करून देणार होते. अट एकच. दारावरचा 'यमुनाबाई सरोदे ग्रंथालय' हा कोरीव दगड काढायचा आणि तिथे रावसाहेबांचं नाव लावायचं, तेही कायमचं!

यमुनाबाईंनी आपली राहती जागा या ग्रंथालयाला दिली होती. त्यांच्या बाजूने बोलणारं आता कुणी उरलं नव्हतं. कुलगुरू हळबेबाई पेचात पडल्या. छप्पर तर हवंच होतं.

त्यांनी रावसाहेबांना पाटी पसंत करायला बोलावलं आणि पुढ्यात एक पत्र्याची पाटी ठेवली. वर अडकवायला सुतळी ओवलेली.

रावसाहेब भडकले. "ही पाटी आहे की कॅलेंडर? मला संगमरवर हवा!"

"यमुनाबाईंचा दगडच आहे की," हळबेबाई शांतपणे म्हणाल्या. "तोही आम्ही कायमचा म्हणूनच बसवला होता. आता काढायला छिन्नी-हातोडा आणावा लागतोय. उद्या तुमच्याहून मोठा देणगीदार आला, तर पुन्हा ही तोडफोड कशाला? तुम्हाला खिळ्यावरून उतरवलं, की झालं."

रावसाहेबांनी कपाळाचा घाम पुसला.

"यमुनाबाईंचा दगड राहू द्या," ते हळूच म्हणाले. "आतल्या वाचनकक्षाला माझं नाव द्या. पण... संगमरवरात ना?"

"संगमरवरातच," हळबेबाई हसल्या. "फक्त येता-जाता बाहेरच्या दगडावर लक्ष असू द्या. तो जागेवर आहे, तोवर तुमचाही हलत नाही."